वरळीच्या मनोऱ्यावरून देवरूख दिसते का?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणे आटोपली होती. आजी पडवीत बसून फणसाच्या आठळ्या निवडीत होती आणि मी तिच्याजवळ मोबाइल घेऊन लोळत होते. चाळता चाळता चीनमधल्या शांघाय शहराच्या दूरदर्शन मनोऱ्याचे छायाचित्र समोर आले. या मनोऱ्याला तिकडे 'पूर्वेचा मोती' म्हणतात. उंची ४६८ मीटर. १९९४ साली तो पुरा झाला. तीन जाड खांब, त्यांच्यावर गुलाबी झाक असलेले प्रचंड गोळे आणि वर आभाळात घुसलेली सुई. मला तो मोठा विलक्षण वाटला, म्हणून मी तो आजीपुढे धरला.

आजीने मोबाइल हातभर लांब नेऊन पाहिला आणि म्हणाली, "ह्यो वरळीचा नाय."

मी म्हटले, "अगं, हा चीनमधला आहे."

"वरळीच्याला गोळं नायत," ती आपल्याच तंद्रीत म्हणाली. "तुझ्या आजोबांनी कार्डात लिवलं व्हतं. त्याच्या टोकावर चढलं तर आपलं देवरूख दिसंल म्हणून. येवढा उंच, तर मग त्याच्यावरचं टीवी आमच्या वाडीत का दिसलं नाय?"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. भूगोल हा माझा विषय. विजेचे आणि लहरींचे गणित कधी माझ्या वाट्याला आलेले नाही. तरी हा प्रश्न मला सोडवेना. म्हणून विज्ञान शाखेच्या एका सरांना गाठले, त्यांच्याकडून एक सूत्र समजून घेतले, नकाशा आणि पट्टी घेऊन बसले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. सरांनी समजावले ते बरोबर आहे. मांडताना काही चुकले असेल तर ती चूक माझी.

आधी कार्डाविषयी. आमच्या माजघरात खुंटीला एक तार आहे आणि तिच्यात जुनी पत्रे ओवलेली आहेत. आजोबा मुंबईला एका गिरणीत साचा खात्यात कामाला होते आणि वरळीला गावच्या मंडळाच्या खोलीत राहत. त्या एका खोलीत वीस-बावीस माणसे. पहिल्या पाळीची उठली की तिसऱ्या पाळीची त्यांच्या वळकटीवर आडवी व्हायची. आजी इकडे शेती, गुरे आणि सासू सांभाळून. वर्षातून दोन भेटी, शिमग्याला आणि गणपतीला, एरवी कार्ड. तारेतून ते कार्ड मी शोधून काढले. शिक्का पुसट झाला आहे, तारीख लागत नाही. आजोबांचे अक्षर मात्र ठळक आहे. खोलीच्या मागच्या बाजूस लोखंडी मनोरा उभा राहत आहे, रोज थोडा वर चढतो, आणि टोकावर चढले तर आपले देवरूख दिसेल असे येथील मंडळी म्हणतात, एवढा मजकूर. पुढे भाताच्या बियाण्याची चौकशी.

आजीला वाचता येत नव्हते. शेजारच्या शाळकरी मुलाकडून तिने ते वाचून घेतले आणि पन्नास वर्षे लक्षात ठेवले.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीनंतरचे देशातले हे दुसरे केंद्र. दिल्लीला प्रायोगिक प्रक्षेपण १९५९ पासून होते, म्हणजे दुसऱ्या शहराला तेरा वर्षे वाट पाहावी लागली. वरळीच्या केंद्राचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. त्यावर वाटोळे मजले नाहीत, फिरते उपाहारगृह नाही की प्रेक्षकांसाठी सज्जा नाही. पोलादी पट्ट्यांची जाळी, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. विमानांना दिसावा म्हणून तांबडे-पांढरे पट्टे आणि रात्री तांबडे दिवे. कितीतरी वर्षे मुंबईत त्याच्याएवढे उंच दुसरे काही नव्हते. समुद्रातून येणाऱ्याला आधी तो दिसे, मग शहर.

इतक्या उंच मनोऱ्याची गरज काय? आपल्याला वाटते की मनोरा जितका उंच तितका आवाज मोठा. देवळाच्या शिखरावर कर्णा लावावा तसे काहीतरी. प्रत्यक्षात जोर असतो तो खालच्या प्रक्षेपक यंत्रात. मनोऱ्याचे काम एवढेच, की एरियलला उचलून अशा जागी धरायचे जिथून त्याला पुष्कळ मुलूख 'दिसेल'. दिसेल हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. जुन्या दूरदर्शनच्या लहरींची लांबी साधारण दीड ते सहा मीटर असे (घरावरच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांची लांबी त्यावरूनच ठरत असे), आणि एवढ्या आखूड लहरी बहुतांशी उजेडासारख्या वागतात, सरळ रेषेत जातात. डोंगर आला की त्याच्यामागे सावली. आणि डोंगर नसला तरी एक अडथळा सगळीकडे आहेच, तो म्हणजे पृथ्वीचा गोलपणा.

हे समजायला आपल्या जिल्ह्यात कोणाला पुस्तक लागू नये. रत्नागिरीला भाट्याच्या वाळूत उभे राहून एखादे गलबत बाहेर जाताना पाहावे. आधी त्याचे अंग बुडते, मग शीड, शेवटी डोलकाठीचे टोक. वाळूत उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. त्याला क्षितिज दिसते ते जेमतेम साडेचार किलोमीटरवर. तोच माणूस समुद्रापासून शंभर मीटर उंचीच्या कड्यावर चढला तर पस्तीस किलोमीटरपर्यंत पाहील. सरांनी सांगितलेले सूत्र असे: उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्याला ३.५७ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर. रेडिओच्या लहरी हवेतून जाताना किंचित खाली वाकतात, कारण वरची हवा विरळ आणि खालची दाट. म्हणून त्यांच्यासाठी ३.५७ ऐवजी ४.१२ घ्यायचे.

३०० चे वर्गमूळ १७.३. त्याला ४.१२ ने गुणले की ७१ किलोमीटर. आपण घरावर दहा मीटरचा खांब रोवून त्यावर एरियल बांधले तर आपल्या बाजूचे तेरा किलोमीटर त्यात मिळतात. एकूण ८४. वरळीपासून दक्षिणेला नकाशावर एवढे अंतर मोजले, तर अलिबाग मागे पडते आणि रोहा, मुरूड यांच्या आसपास पट्टी संपते. लहरी कडेकडेने थोड्या पुढे झिरपतात हे खरे, पण बाणकोटची खाडी, जिथून आपला रत्नागिरी जिल्हा सुरू होतो, ती या हिशेबात पलीकडेच राहते. आणि देवरूख? वरळी ते देवरूख रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक भरेल. सरळ रेषेत ते सुमारे २३० किलोमीटर येते.

मग मी उलटा हिशेब केला. देवरूखच्या जमिनीपर्यंत लहरी पोचवायच्या तर मनोरा किती उंच हवा? मधले सगळे डोंगर सपाट धरले तरी उत्तर येते तीन हजार मीटरच्या वर. म्हणजे वरळीसारखे दहा मनोरे एकावर एक ठेवायचे आणि वर आणखी थोडे. हा वर्गमूळाचा प्रताप. पल्ला दुप्पट हवा तर उंची चौपट लागते, तिप्पट हवा तर नऊपट. मनोरे बांधणाऱ्यांची यापुढे काही मात्रा चालत नाही.

आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायचे म्हटले तर मामला आणखी आखूड. टोकावरून माणसाला समुद्रसपाटीवरचे दिसेल बासष्ट किलोमीटरपर्यंतचे. माथेरान दिसेल, कर्नाळ्याचा सुळका दिसेल, हवा स्वच्छ असेल तर पलीकडे सह्याद्रीची उंच शिखरेही दिसतील. पण देवरूखच्या जागी कळसूबाई आणून उभी केली असती तरी तिचे टोक दिसले नसते. कळसूबाई १६४६ मीटर. आणि इथे हिशेबाला सव्वादोन हजारांचा डोंगर लागतो.

तेव्हा वरळीची मंडळी म्हणत होती ते खोटे. आजोबांना ते ठाऊक होते की नाही, हे सांगायला आता ते नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उंची ही लोखंडाचीच असावी लागते असे नाही. मुंबईचा कार्यक्रम पुण्याला नेण्यासाठी १९७३ साली सह्याद्रीचा उपयोग केला गेला. सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र बसवले. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच, पुण्याच्या पठारापासून साधारण सातशे मीटर. म्हणजे गडावर एरियल ठेवले रे ठेवले, की वरळीच्या दुपटीहून अधिक उंची फुकट मिळाली! मुंबईहून सूक्ष्मलहरींच्या दुव्याने चित्र गडावर येई आणि तिथून पठारावर पसरे. तानाजीच्या गडाने मराठी मुलखाचे असेही एक काम केले. पण ज्या डोंगराने पुण्याला उचलून धरले त्यानेच आम्हाला झाकले. सिंहगड देवरूखपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण आपण बसलो आहोत सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, भिंतीच्या सावलीत. मार्लेश्वरला गेलेल्या कोणालाही ती भिंत केवढी आहे हे सांगायला नको.

आता यावर कोणी म्हणेल की रेडिओ कसा ऐकू येत होता? आजीनेही हेच विचारले. तिच्याकडे आजोबांनी गणपतीला आणलेला ट्रान्झिस्टर होता, आणि १९७७ साली आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र सुरू झाल्यापासून तो तिच्या चुलीजवळच्या फळीवर असे. रत्नागिरी केंद्राच्या लहरी मध्यम लहरी, ११४३ किलोहर्ट्झच्या. त्यांची लांबी २६२ मीटर. इतकी लांब लहर जमिनीला धरून सरपटत जाते. टेकडी आली तर तिला वळसा घालते, खोरे आले तर त्यात उतरते. उन्हाळ्यात पऱ्ह्याचे पाणी धोंड्याला वळसा घालून पुढे जाते तसे. तिला क्षितिजाची पर्वा नाही. म्हणून मध्यम लहरींच्या केंद्राला उंचावर चढावे लागत नाही. तिथे मनोऱ्याचे काम निराळेच. तो एरियल उचलून धरीत नाही, तो स्वतःच एरियल असतो. पायाशी चिनीमातीचा विद्युतरोधक देऊन त्याला जमिनीपासून तोडलेला असतो आणि अख्खा लोखंडी खांब लहर फेकतो. लहरीच्या लांबीच्या पाव हिश्शाएवढा खांब चांगला चालतो, म्हणजे ११४३ किलोहर्ट्झला तत्त्वतः पासष्ट मीटरचा पुरे. रात्री तर या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून फार लांब जातात. दिवसा न लागणारी केंद्रे रात्री खरखरत लागायची, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारावे.

मग दूरदर्शनने तीच लहर का वापरली नाही? कारण चित्राला जागा फार लागते. आवाजाच्या एका केंद्राला मध्यम लहरींच्या पट्ट्यात दहा-एक किलोहर्ट्झ पुरतात. जुन्या पद्धतीच्या एका दूरदर्शन वाहिनीला सात मेगाहर्ट्झ, म्हणजे सातशेपट. मध्यम लहरींचा सगळा पट्टा एकत्र केला तरी त्यात एक चित्र मावणार नाही. चित्रासाठी वरच्या, आखूड लहरींकडे जावेच लागते, आणि आखूड लहरी म्हटल्या की सरळ रेषा, क्षितिज आणि मनोरा हे सगळे आलेच.

म्हणून एका घरातल्या दोन माणसांची अशी वाटणी झाली. आजी रत्नागिरी ऐके. आजोबा पाळी नसेल त्या गुरुवारी नाक्यावरच्या दुकानाबाहेर गर्दीत उभे राहून 'छायागीत' पाहत. सुट्टीवर आले की ते तिला सगळे सांगत. पुढे 'चिमणराव' सुरू झाले तेव्हा गुंड्याभाऊची नक्कल करून दाखवीत. आजीने चिमणराव-गुंड्याभाऊ आयुष्यात प्रथम पाहिले ते आजोबांच्या चेहऱ्यावर.

त्यातही गंमत अशी की मनोऱ्याच्या पायथ्याशी चित्र उत्तम दिसे असे नाही. दिव्याखाली अंधार हा प्रकार इथेही आहे. वरचे एरियल आपली शक्ती आडवी, क्षितिजाकडे फेकते. पायथ्याकडे तिचा थोडाच भाग येतो. शिवाय आजूबाजूच्या इमारतींवर आपटून तीच लहर दुसऱ्या वाटेने मागाहून पोचते आणि मूळ चित्राच्या उजवीकडे त्याचे फिकट भूत उमटते. तीनशे मीटरचा फेरा पडला तर लहरीला एक सेकंदाचा दहा लाखावा भाग उशीर होतो. तेवढ्यात पडद्यावर चित्र काढणारा ठिपका पुढे सरकलेला असतो, चाळीस सेंटीमीटर रुंद पडद्यावर सुमारे आठ मिलिमीटर. आजोबा म्हणत, बातम्या सांगणाऱ्या बाईंना दोन नाके होती. आम्हाला ती थाप वाटे. ती थाप नव्हती.

मला या साऱ्यात लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. मुंबई दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांपैकी एक होता 'आमची माती, आमची माणसं'. शेतकऱ्यांसाठी. भाताच्या जाती, खते, कीड, जनावरांचे रोग. ज्या मनोऱ्यावरून तो निघे त्याच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वर्तुळात शेतकरी किती आणि गिरणीकामगार किती? त्या गिरणीकामगारांतले पुष्कळ लोक मूळचे शेतकरी होते, हे खरे. आजोबाही तो कार्यक्रम पाहत आणि बियाण्याविषयी कार्डात लिहीत. पण पेरणारी होती ती आजी. कोकणातल्या बहुतेक घरांत तेव्हा शेत बाई सांभाळी आणि शेतीचा कार्यक्रम पुरुष पाही. केंद्रावरच्या माणसांनी कार्यक्रम मन लावून केले यात मला शंका नाही. पण आपण जिला 'महाराष्ट्राचे दूरदर्शन' म्हणतो ती गोष्ट पहिली दहा वर्षे प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासचा मुलूख एवढ्याचीच होती. बाकीच्यांनी ती ऐकून घेतली.

मध्यंतरी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरदर्शन दाखवण्याचा प्रयोग झाला. आंध्र, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता. मनोऱ्याच्या भूमितीवर उपाय मात्र त्यात दिसला होता. क्षितिज आड येते ना, मग एरियलच ३६,००० किलोमीटर वर नेऊन ठेवायचे. तिथून देशाचा कोपरा न् कोपरा दिसतो.

आपला इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये वर गेला आणि १९८४ साली काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवे लहान प्रक्षेपण केंद्र उघडत होते. शंभर वॅट शक्तीची ही केंद्रे. उपग्रहाकडून चित्र घ्यायचे आणि वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरवायचे. दूरदर्शन असे गावोगाव पोचले. पण बहुतेक लहान केंद्रांवर उपग्रहावरून येई तो दिल्लीचा कार्यक्रम. म्हणजे मराठी मुलखातल्या कितीतरी गावांत वरळी पोचण्याआधी दिल्ली पोचली. आमच्या वाडीत पहिला संच आला १९८७ साली, 'रामायणा'च्या वेळी. लोखंडी नळाच्या टोकाला एरियल, एक पोरगा कौलांवर चढून नळ फिरवतोय, एकजण दारात, एकजण संचापाशी, "आलं का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" रविवारी सकाळी आजूबाजूच्या तीन वाड्यांतली माणसे त्या अंगणात बसत. आजोबा तेव्हा गावीच होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, महिनोन्‌महिने चालला, आणि आजोबांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली. वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन ते परत आले ते आलेच. आजीने राम-सीता पाहिली. वरळीहून निघणारे मराठी मात्र तिला दिसले नाही. उपग्रहावरून मराठी वाहिनी आली ती १५ ऑगस्ट १९९४ ला आणि तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले २००० साली. ज्या डोंगराने आमची वाट अडवली त्याचेच नाव! असो.

मनोऱ्यांचे पुढे काय झाले, हेही थोडे पाहू. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ साली बांधला तेव्हा तो वीस वर्षांच्या परवानगीवर उभा होता. १९०९ नंतर तो पाडता आला असता. बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडतो असे दिसल्यामुळे तो वाचला. टोकियोचा ३३३ मीटरचा मनोरा १९५८ साली उभा राहिला तो प्रामुख्याने दूरदर्शनसाठी. शांघायचा ४६८ मीटरचा, आणि त्याच देशातल्या ग्वांगझूचा, २०१० साली उघडलेला, ६०० मीटरचा. वर्गमूळाचा हिशेब लावला तर शांघायच्या मनोऱ्याचा पल्ला येतो ८९ किलोमीटर, ग्वांगझूच्या दुप्पट उंच मनोऱ्याचा १०१. वरळीचे ७१. केवढी उंची वाढवली आणि केवढे अंतर मिळाले, पाहा! एवढ्यासाठी कोणी पैसा ओतणार नाही. तिथे लोक तिकीट काढून वर जातात, जेवतात, काचेच्या जमिनीवरून खाली पाहतात. शांघायच्या गोळ्यांत तर हॉटेलही आहे. ते मनोरे शहराने स्वतःकडे पाहावे म्हणून उभे केलेले आहेत. त्यात वाईट काही नाही. पण वरळीचा मनोरा पाहताना ही तुलना मनात येते आणि त्याचा साधेपणा मला आवडतो. त्याला एकच काम दिले होते, आणि भूमितीने परवानगी दिली तेवढे त्याने केले.

ते जुने कामही आता राहिलेले नाही. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, सीमेवरची मोजकी ठिकाणे सोडली तर, देशभरातली जुन्या ॲनालॉग पद्धतीची दूरदर्शन प्रक्षेपणे बंद झाली. घरावरच्या काड्या त्याआधीच गेल्या होत्या. आमच्या नळावर हल्ली परसातल्या कारल्याचा वेल असतो.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे मुंबईला गेले तेव्हा मुद्दाम वरळीला उतरले. मनोरा लांबून दिसेल अशी कल्पना होती, पण आता त्याच्या भोवती इतक्या इमारती उठल्या आहेत की जवळ जाईपर्यंत तो हाती लागत नाही. लोअर परळची एक निवासी इमारत २८० मीटरची आहे. म्हणजे मनोऱ्याच्या जवळजवळ टोकाशी आज कोणीतरी सकाळचा चहा पीत असते. आजोबांची चाळ शोधली. मंडळाची खोली कोणती होती ते कोणाला सांगता आले नाही. चाळीच्या मागच्या अंगाने पाहिले, तर कार्डात लिहिल्याप्रमाणेच मनोरा होता, तांबडा-पांढरा.

मी आजीला फोन लावला, चित्राचा. आमची वाडी खोलगटात आहे आणि मोबाइलचा खांब वर सड्यावर. त्यामुळे घरात रेंज येत नाही, अंगणात फणसाच्या पूर्वेला एका ठरावीक जागी उभे राहावे लागते. तीच जुनी सरळ रेषा, तीच सावली. फरक एवढाच की मोबाइलचे खांब तीस-चाळीस मीटरचे असतात आणि एकटे नसतात. प्रत्येकाने आपल्यापुरते चार-दोन किलोमीटर सांभाळायचे आणि पुढचे काम जमिनीखालच्या काचेच्या तारेकडे द्यायचे. उंच जायची गरजच उरली नाही. काकांनी आजीला हाताला धरून त्या जागेवर आणले. चित्र दोनदा गोठले. मग ती दिसली, कपाळावर हात धरून, जणू उन्हातून लांबचे पाहते आहे.

मी मोबाइल वळवून मनोऱ्यावर धरला आणि पायथ्यापासून टोकापर्यंत हळूहळू वर नेला.

"दिसला का गं?"

बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मला वाटले, रेंज गेली.

"दिसला," ती म्हणाली. "आता मना त्यांची खोली दाखव."

खोली कुठली ते मला ठाऊक नव्हते. मी चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची, कपडे वाळत घातलेली एक खिडकी तिला दाखवली.